दुरुस्तीची गरज नाही

मी एक जुना आवक-शिक्का आहे आणि मी सूड घेतला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या वस्तूंच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. त्यांत वस्तू झिजते, अडगळीत पडते आणि शेवटी सगळ्यांना माफ करते. मी कोणालाही माफ केलेलं नाही. ज्यांना माफीची गोष्ट हवी असेल, त्यांनी छत्रीकडे किंवा फुटक्या पाटीकडे जावं.

आधी मी म्हणजे काय ते समजून घ्या. तुम्ही कचेरीच्या खिडकीत एखादा कागद देता, तेव्हा आतलं माणूस त्यावर ठप्पकन एक शिक्का मारतं. कागदावर एक चौकट उमटते. तिच्यात वर ‘आवक’ असं लिहिलेलं असतं, खाली संस्थेचं नाव आणि मधोमध तारीख. याचा अर्थ, हा कागद आमच्याकडे आज आला. उद्या नाही, काल नाही, आज. माझं सगळं आयुष्य या एका वाक्यात मावतं आणि हे वाक्य मी तेवीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं.

माझा जन्म एका खोदकाम करणाऱ्याच्या टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावून त्याने पितळेवर माझी चौकट आणि अक्षरं कोरली. शिक्क्याची अक्षरं उलटी असतात, आरशात दिसतात तशी. त्याची बायको चहा घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली, “अहो, हे सगळं उलटं काय कोरलंय?”

“कागदावर सरळ यायचं तर अंगात उलटंच असावं लागतं.”

“अस्सं? तुमच्या अंगात तर उलटंच आहे सगळं. मग तुम्ही कधी सरळ येणार?”

हसण्यावारी जाऊ देऊ नका. या उलटेपणामुळे माझ्या डाव्या कोपऱ्याला काही झालं, तर ते कागदावर उजव्या कोपऱ्यात दिसतं. पुढे याचं काम पडणार आहे.

माझ्या पोटात तारखेची चाकं आहेत. दिवसासाठी दोन: एकावर शून्य ते तीन, दुसऱ्यावर शून्य ते नऊ. प्रत्येक चाकाला दात आहेत आणि दातांना अडवणारी एक छोटी पट्टी आहे. त्यामुळे चाक फक्त पुढे फिरतं. मागचा आकडा हवा असेल, तर पूर्ण फेरी मारून यावं लागतं आणि दर घराला ‘टिक’ असा आवाज होतो. कारागिराने हे मुद्दाम केलं होतं. तारीख मागे नेणं सोपं असू नये, असं त्याला वाटत होतं.

तिथून मी कायद्याच्या एका छोट्या खासगी महाविद्यालयात आलो. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. पाच खोल्या, एक ग्रंथालय आणि जिन्याखाली कचेरी. सकाळी पदवीचे वर्ग भरत: बारावीनंतर येणाऱ्यांचे पाच वर्षांचे आणि पदवी घेऊन येणाऱ्यांचे तीन वर्षांचे. संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांसाठी तीन वर्षांची तीच पदवी आणि कामगार कायद्याची एक वर्षाची पदविका. शिवाय अर्ज, करार, नोटिसा लिहायला शिकवणारा सहा महिन्यांचा वर्ग होता. त्या वर्गात सगळ्यांत जास्त भांडणं व्हायची, कारण एका स्वल्पविरामावरून ते लोक तासभर बोलू शकत.

पहिल्या प्राचार्यांना सगळे मोठे सर म्हणत. दर शनिवारी ते मला स्वतः पुसत. चाकांच्या दातांत अडकलेली शाई जुन्या टूथब्रशने काढत. पुरावा कायदा तेच शिकवायचे आणि वर्षाच्या पहिल्या तासाला मला वर्गात घेऊन जायचे. टेबलावर ठेवून विचारायचे, “हा साक्षीदार आहे. याच्याकडून काय काय कळेल?”

“तारीख,” मुलं म्हणायची.

“आणखी?”

मुलं पुस्तकाची पानं उलटायची.

“तारीख तर तो सांगतोच. पण सांगताना स्वतःबद्दलही सांगत असतो. ते ऐकायला शिका, मग वकील व्हाल.”

मोठ्या सरांनी आणखी एक रीत घालून दिली होती. आमच्याकडे एक मोठी खोली होती, तिला अभिरूप न्यायालय म्हणत. कायद्याची मुलं तिथे खटल्याची तालीम करतात: एक जण न्यायाधीश, दोन वकील, लाकडी कठड्यात साक्षीदार. सरांचा नियम असा की, कोणत्याही विद्यार्थ्यावर ठपका आला, तर त्याची चौकशी बंद खोलीत करायची नाही. ती याच न्यायालयात, सगळ्या वर्गांसमोर व्हायची आणि विद्यार्थ्याने स्वतःची बाजू स्वतः मांडायची. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम पहिल्याच पानावर छापलेला असे.

मोठे सर निवृत्त झाले आणि डायरेक्टरसाहेब आले. त्यांनी आल्या आल्या दारावरची पाटी बदलली, पडदे बदलले, खुर्च्या बदलल्या. मला बदललं नाही, कारण मी त्यांना दिसलोच नाही. दिसलो तेव्हा म्हणाले, “हा ठोकळा अजून चालतो?” त्यानंतर ठसे मारण्याशिवाय मी पंख्याखालचे कागद दाबायच्या कामालाही लागलो. एकदा तर त्यांनी माझ्या मुठीने अक्रोड फोडले. अकरा अक्रोड. मी मोजले आहेत. मोजण्यासाठीच तर माझा जन्म आहे.

पण अक्रोडांसाठी मी सूड घेतला नसता. तेवढा मी हलका नाही.

कचेरीच्या खिडकीत काकू बसायच्या. साहेब सोडले तर सगळे त्यांना काकूच म्हणत. सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे माझी तारीख पुढे करणं, टिक, आणि रद्दी कागदावर एक ठसा मारून बघणं. पत्रांची नोंद वहीत व्हायची. विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांची मात्र वहीत नोंद नसे. पहिल्या पानावर माझा ठसा आणि त्याच पानाच्या प्रतीवर दुसरा ठसा, पोच म्हणून. म्हणजे निबंध कधी आला याचा पुरावा एकटा मी.

त्या वर्षी शोधनिबंध द्यायची शेवटची तारीख बारा होती. बाराला दुपारी संध्याकाळच्या वर्गातली एक विद्यार्थिनी खाकी गणवेशातच आली. ती बसमध्ये कंडक्टर होती. पहाटेची पाळी करायची, दुपारी ग्रंथालयात बसायची, संध्याकाळी वर्गात. तीन वर्षं असंच चाललं होतं आणि आता शेवटचं सत्र होतं. वर्गातली मुलं तिला कंडक्टरताई म्हणत. तिच्या निबंधाचा विषय होता, बसमध्ये हरवलेल्या सामानाची जबाबदारी कोणाची. चार वर्षांच्या हरवल्या-सापडल्याच्या नोंदी तिने डेपोत बसून उतरवून काढल्या होत्या.

काकूंनी दोन ठसे मारले. “झालं गं बाई एकदाचं. आता झोप दोन दिवस.”

“झोप कुठली काकू, साडेचारची गाडी आहे उद्या.” तिने पोच घडी न घालता पिशवीत ठेवली. कागद कसा धरायचा ते तिला माहीत होतं.

तेराला साहेब निबंधांचा गठ्ठा ‘जरा चाळतो’ म्हणून आपल्या खोलीत घेऊन गेले. चौदाला दुपारी ते एका मुलाला घेऊन खिडकीत आले. तो त्यांचा भाचा. सकाळच्या वर्गात शेवटच्या वर्षाला होता आणि अधूनमधून महाविद्यालयातही येत असे. त्याच्या हातात ताजा छापलेला निबंध होता. कागद अजून गरम होते.

“बाई, यावर नऊ तारीख टाका,” साहेब म्हणाले.

“आज चौदा आहे, साहेब.”

“ते मलाही दिसतंय. त्याने नऊलाच दिला होता, माझ्या टेबलावर राहिला.”

“मग चौदाचा मारते. बाजूला तुम्ही लिहा, टेबलावर राहिला म्हणून.”

“मामा, जाऊ दे ना,” भाचा पुटपुटला.

“तू गप. बाई, तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय ना?”

काकूंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. “आलीय, साहेब. म्हणूनच म्हणते, नको.”

साहेबांनी मला ओढलं. काकूंनी सोडलं नाही. मग त्यांनी असा झटका दिला की मी दोघांच्याही हातून सुटलो आणि फरशीवर डाव्या कोपऱ्यावर आपटलो. पितळ कठीण असतं, पण फरशी त्याहून कठीण. माझ्या चौकटीचा कोपरा आत वाकला. गव्हाच्या दाण्याएवढाच, पण वाकला.

“बाईंना स्टोअरमधून मागच्या वर्षीच्या फायली आणायला सांगा” असं साहेब हवेतच बोलले आणि काकू खाली मान घालून गेल्या. मग त्यांनी मला उचललं. कुठे लागलं का, हे बघितलंसुद्धा नाही. चाकं फिरवू लागले. एकावरून शून्यावर यायला तीन टिक, चारवरून नऊवर जायला पाच. भाच्याच्या निबंधावर एक ठसा, पोचेवर एक. मग पुन्हा चौदा करायला सहा. चौदा वेळा टिक झालं आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून खोटं बाहेर पडलं. मित्रांनो, तुम्हांला नको ते बोलायला कोणी भाग पाडलं, तर तुम्ही निदान तोंड दाबून धरू शकता. मला ती सोय नाही. माझ्या डोक्यावर कोणी हात मारला की मला बोलावंच लागतं.

त्या क्षणी मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही. पण मी शिक्का. चालत नाही, लिहीत नाही, ओरडत नाही. मला फक्त वाट बघता येते.

काकू परत आल्या. साहेब गेले होते. त्यांनी मला उजेडात धरलं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि रद्दी कागदावर ठसा मारला. चौकटीचा उजवा खालचा कोपरा उमटलाच नाही. तिथे एक तिरपी पांढरी फट होती. काकूंनी लगेच एक अर्ज लिहिला: आज शिक्का पडून चौकटीचा कोपरा वाकला आहे, दुरुस्तीची परवानगी मिळावी. त्यावर माझाच चौदा तारखेचा ठसा मारला आणि साहेबांकडे पाठवला. संध्याकाळी अर्ज परत आला. साहेबांनी हिरव्या शाईने लिहिलं होतं, ‘चालतोय. दुरुस्तीची गरज नाही.’ खाली सही.

काकूंनी तो फाइलला लावला. त्यांच्याकडे आलेला एकही कागद कधी फाइलला लागल्याशिवाय राहिला नव्हता.

साहेबांचा अंदाज असा होता की विद्यार्थ्यांचे निबंध कोणी वाचत नाही. तो बहुतेक वेळा बरोबरच निघाला असता. पण त्या वर्षी बाहेरून परीक्षक म्हणून एक निवृत्त न्यायाधीश आल्या होत्या आणि त्यांना हातात आलेला कागद वाचायची जुनी सवय होती. त्यांनी कळवलं, दोन निबंध शब्दाशब्दाने सारखे आहेत.

दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली. भाच्याचा निबंध नऊला आला, कंडक्टरताईचा बाराला. म्हणजे चोरी तिची. दोष सिद्ध झाला तर तिचं नाव पटावरून कमी होणार होतं. तीन वर्षांच्या पहाटा, दुपारा आणि संध्याकाळी, सगळं शून्य. आणि ते शून्य माझ्याच चाकावरचं.

नियमाप्रमाणे चौकशी अभिरूप न्यायालयात ठेवावी लागली. न्यायाधीशबाई उंच खुर्चीवर बसल्या. सगळे वर्ग भिंतींना टेकून उभे होते. काकूंनी मला ट्रेमध्ये घालून समोरच्या टेबलावर ठेवलं, कारण साहेबांनीच तसं सांगितलं होतं. त्यांना मला दाखवायचं होतं.

“मॅडम,” साहेब माझ्यावर बोट ठेवून म्हणाले, “माणसाची आठवण चुकते. माणूस हितसंबंधाने बोलतो. या यंत्राला ना मामा, ना भाचा. हे खोटं बोलत नाही. हे नऊ म्हणतं तर नऊ.”

तेव्हा मला जे वाटलं, ते सांगता येणार नाही. ज्याने माझ्याकडून खोटं वदवलं, तोच माझ्या खरेपणाची शपथ घेत होता.

काकू कठड्यात उभ्या राहिल्या आणि जे घडलं ते सगळं त्यांनी सांगितलं. साहेब हसले. “बाईंचं वय झालंय. शिक्का मारताना यांनी मला पाहिलं का?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “मला फायली आणायला पाठवलं होतं.”

मागून कोणीतरी उसासा टाकला. आता कंडक्टरताईची पाळी होती. ती गणवेशातच आली होती.

“मॅडम, मला दोन्ही पोचा शेजारी ठेवू द्या.” तिने ठेवल्या आणि वाकून बघितलं. मग एकेका ठशाच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवत राहिली.

“घाई नाही, पण काही म्हणायचंय का?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“आमच्या डेपोत तिकिटाला भोक पाडायचे बावीस चिमटे आहेत, मॅडम. सगळे एकाच कंपनीचे, पण प्रत्येकाचं भोक वेगळं. एकाची कड झिजलेली, एकाला बारीक दात. कुणी जुनं तिकीट दाखवून फुकट फिरायला लागलं, की आम्ही तिकीट बघत नाही, भोक बघतो.” तिने बोट ठेवलं. “माझ्या बाराच्या ठशाचे चारही कोपरे पूर्ण आहेत. यांच्या नऊच्या ठशाचा उजवा खालचा कोपरा तुटलाय.”

“शाई कमी लागली असेल,” साहेब म्हणाले.

“असेल. मग आवकची फाइल मागवा.”

फाइल आली. तिने नऊपासून पुढचे कागद, आले त्याच क्रमाने, लांब टेबलावर एकाशेजारी एक मांडले. सगळ्या वर्गांनी माना पुढे काढल्या. नऊ: चार पत्रं, कोपरे पूर्ण. दहा: पूर्ण. अकरा, बारा, तेरा: पूर्ण. चौदा सकाळ: पूर्ण. चौदा दुपार: फट. आणि त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर तीच तिरपी पांढरी फट, त्याच जागी, तेवढीच लांब.

“चौदाच्या दुपारी हा कोपरा मोडला,” ती म्हणाली. “मोडलेला कोपरा नऊ तारखेच्या कागदावर गेला कसा? एक तर नऊला मोडला, दहाला आपोआप बरा झाला आणि चौदाला पुन्हा तस्साच मोडला. नाहीतर नऊचा ठसा चौदाच्या दुपारनंतर मारला. मला तिसरं काही सुचत नाही. कुणाला सुचत असेल तर सांगा.”

मला वाटलं, मोठ्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर आज पहिल्यांदा कोणीतरी दिलं.

“हे सगळं नंतर जुळवलंय,” साहेबांचा आवाज चढला. “शिक्का कधी मोडला याचा काय पुरावा? मोडलाय हेच मला आज कळतंय!”

काकू कठड्यातूनच म्हणाल्या, “साहेब, चौदा दुपारचा तो कागद उचला, काय लिहिलंय ते वाचा.”

न्यायाधीशबाईंनी स्वतः खाली येऊन तो उचलला. अर्ज. चौदाचा ठसा, कोपऱ्यात फट. हिरवी शाई. त्यांनी तो मोठ्याने वाचला, शेवटच्या ओळीसकट. मग चष्मा काढून विचारलं, “ही सही कोणाची?”

साहेब दाराकडे बघू लागले.

“मामा,” भाचा म्हणाला आणि रडायला लागला. रडत रडत त्याने सांगितलं की निबंध त्याने वाचलासुद्धा नव्हता. फक्त पुन्हा टाइप केला होता.

“तरी बरं,” न्यायाधीशबाई म्हणाल्या, “वाचला असतास तर सामान कोणाचं ते कळलं असतं.”

अख्खी खोली हसली. मी हसू शकत नाही, पण कठड्यातून उतरलेल्या काकूंचा हात टेबलावर आपटला तेव्हा माझी चाकं जराशी खडखडली. तेवढं मला पुरलं.

कंडक्टरताईचं नाव पटावर राहिलं. त्या उन्हाळ्यात ती पदवीधर झाली.

साहेब चौकशीच्या पुढच्याच आठवड्यात राजीनामा घेऊन खिडकीत आले. तो आणून द्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून स्वतः आले. “पोच द्या,” ते भिंतीकडे बघत म्हणाले.

काकूंनी तारीख पाहिली, मला शाईवर टेकवलं.

“नवीन शिक्का आलाय ना?” साहेबांनी विचारलं. “तो मारा की.”

“आलाय. खोक्यात आहे.” काकूंनी राजीनामा नीट सरळ केला. “पण हा चालतोय, साहेब. दुरुस्तीची गरज नाही.”

ठप्प.

पोच हातात घेतल्यावर त्यांची नजर आपोआप उजव्या खालच्या कोपऱ्याकडे गेली. मी ती पाहिली. मला विचाराल तर माझं तेवीस वर्षांचं बक्षीस तेवढंच होतं आणि ते भरपूर होतं. त्यांची थोडी तरी दया येते का, हे मी पुन्हा पुन्हा तपासून बघितलं. नाही आली.

आता मी पुरावा कायद्याच्या कपाटात असतो. पहिल्या तासाला मला बाहेर काढतात. माझा कोपरा अजून वाकलेलाच आहे. तो कोणी सरळ करू नये, असा तिथे नियम झाला आहे.

तर मित्रांनो, तुमच्या हातून एखादी वस्तू पडली, तर ती आधी उचला. मग उजेडात धरा आणि कुठे लागलंय ते बघा. कोपऱ्यावरून एकदा अंगठा फिरवा. एवढंच करायचं असतं आणि त्याला अर्धं मिनिट पुरतं. साहेबांनी ते अर्धं मिनिट दिलं असतं, तर ती फट त्यांना त्याच दिवशी दिसली असती.